वीस किलोचा स्ट्रायकर

गुरुवारी रात्री आम्ही परत हरलो. हरण्यात तसं नवीन काही नाही, तुमची टीम हरायलाच जाते असं बायको म्हणते, पण या वेळी हरलो ते सरळसरळ माझ्यामुळे, तेही जिंकलेली मॅच, त्यामुळे दोन दिवस डोक्यात तेच चालू आहे आणि कुठेतरी लिहून काढल्याशिवाय ते जाणार नाही. पण त्याआधी कर्लिंग म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना बर्फावर झाडू मारायचा खेळ एवढंच माहीत असणार.

मलाही तेवढंच माहीत होतं. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी मी पुण्यात होतो, तेव्हा "यात आमच्या कामवाल्या मावशींना पाठवा, गोल्ड पक्कं" असा एक फॉरवर्ड आला होता आणि तो मी तीन ग्रुपवर पुढे ढकलला होता. कबूल करून टाकतो. पुढच्याच वर्षी नोकरीनिमित्त विनिपेगला आलो, म्हणजे हा खेळ जिथे गल्लोगल्ली खेळतात त्याच गावात येऊन पडलो.

विनिपेग म्हणजे कॅनडाच्या साधारण मधोमध, मॅनिटोबा प्रांतात, पोळपाटासारखं सपाट. जानेवारीत उणे ३० झालं तरी इथे कुणी त्याची बातमी करत नाही. रात्री गाडीला वायर लावून ठेवायची, मोबाइल चार्जिंगला लावतो तशी, नाहीतर सकाळी इंजिन सुरूच होत नाही. पहिले दोन हिवाळे मी ऑफिस, घर आणि मधे इंडियन ग्रोसरी एवढ्यावर काढले. तिसऱ्या हिवाळ्यात ऑफिसमधली एक बाई म्हणाली, अरे असा घरात बसलास तर वेड लागेल, आमच्या क्लबात नवशिक्यांना शिकवतात, ये, फक्त स्वच्छ बूट आण. मी आपला गेलो, फुकट होतं म्हणून.

बाहेरून क्लब म्हणजे पत्र्याचं गोडाऊन वाटावं असा. आत एका बाजूला उबदार हॉल, बार, टेबलं, भिंतीवर जुन्या टीम्सचे फोटो, आणि मोठ्या काचेपलीकडे बर्फ. बर्फाच्या लांबच लांब पट्ट्या शेजारी शेजारी, त्यांना शीट म्हणतात, एकेक जवळजवळ ४६ मीटर लांब आणि रुंदीला पाच मीटरच्या आत. मला एकदम सोलापूरच्या आमच्या चाळीची गॅलरी आठवली, तीच लांबी, फक्त वाळत घातलेले कपडे नाहीत. दोन्ही टोकांना बर्फाखाली रंगवलेली वर्तुळं, बाहेरचं १२ फुटी, मग ८, मग ४ आणि मधोमध टिकली एवढं बटन. या वर्तुळांना हाऊस म्हणतात. इकडच्या टोकावरून दगड सरकवायचा, तो तिकडच्या हाऊसमध्ये बटनाच्या जास्तीत जास्त जवळ थांबला पाहिजे. झालं. खेळ एवढाच.

आता दगड. सगळे त्याला रॉक म्हणतात. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४४ पौंड, म्हणजे वीस किलोला जरासा कमी, गोल गरगरीत, वर हँडल. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजीच्या जात्याची वरची तळी आठवली, खुंट्यासकट. शिकवणाऱ्या आजोबांनी तो एका बाजूवर कलंडवून दाखवला (उचलायचा नाही, सरकवायचाच, पहिला नियम, पाठ जाते) तर खालून तो वाटीसारखा खोलगट. एवढ्या धोंड्यातली बर्फाला टेकते ती फक्त एक बांगडीएवढी कड, काही मिलिमीटर रुंदीची. आणि ग्रॅनाइट कुठलाही चालत नाही. चांगले दगड येतात ते स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयल्सा क्रेग नावाच्या एका बेटावरच्या ग्रॅनाइटचे. बेटावर माणूस राहत नाही, पक्षी राहतात. तिथल्या 'ब्लू होन' जातीच्या ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरत नाही, त्यामुळे गोठून-वितळून कड फुटत नाही, म्हणून बर्फाला टेकणारा भाग त्याचा. ऑलिंपिकचे दगडही तिथलेच.

हे सगळं मी त्या रात्री फोनवर बाबांना सांगत होतो. आई म्हणाली, इथे असताना कधी केर काढला नाहीस आणि तिकडे पैसे भरून काढतोयस. बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला: "पावडर कुठली टाकतात?"

बाबा म्हणजे आमच्या चाळीचे कॅरमचे चॅम्पियन, गणपतीतल्या टूर्नामेंटला त्यांच्याविरुद्ध नाव द्यायला लोक कचरायचे. आणि प्रश्न एकदम बरोबर होता. माझी समजूत होती की बर्फ काचेसारखा गुळगुळीत असणार. तसं नाहीच. काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर हा दगड अर्ध्या वाटेत थांबेल. म्हणून मॅचच्या आधी एक माणूस पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, हातातल्या शॉवरसारख्या झारीनं मागे मागे चालत बर्फावर कोमट-गरम पाण्याचे थेंब शिंपडत जातो, आपल्याकडे द्राक्षावर फवारणी करतात तसा, अगदी त्याच चालीनं. ते थेंब पडल्या जागी गोठतात आणि सगळीकडे बारीक पुरळ उठल्यासारखं होतं. याला पेबल म्हणतात. दगड त्या पुरळाच्या डोक्यांवरून घसरत जातो. मॅच पुढे सरकते तशी ती डोकी झिजतात, रोज बर्फ वेगळा, पहिल्या एंडला, म्हणजे डावाला, वेगळा आणि आठव्या एंडला वेगळा. बाबा म्हणाले, म्हणजे बोरिक. म्हटलं, हो, बोरिकच. त्यानंतर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

टाकणं हा वेगळाच प्रकार. एका बुटाला खाली टेफ्लॉनची चकती, म्हणजे घसरायचा पाय, दुसऱ्याला रबर. रबराचा पाय मागे हॅकमध्ये रोवायचा, धावण्याच्या शर्यतीत स्टार्टिंग ब्लॉक असतो तसं ते असतं, मग खाली बसायचं, एका हातात दगड, दुसऱ्या हातात आधाराला ब्रश, मागचा पाय ढकलायचा आणि आख्खं शरीर त्या दगडामागे लांब करून बर्फावरून घसरत जायचं आणि हॉग लाइन नावाची रेघ यायच्या आत हळूच हँडलला किंचित पीळ देऊन सोडून द्यायचं. टीव्हीवर ही पोझ फार देखणी दिसते. मी पहिल्यांदा ढकललं तेव्हा दगड गेला, मी राहिलो, दुसऱ्यांदा मी गेलो आणि दगड राहिला, तिसऱ्यांदा दोघेही गेलो पण वेगवेगळ्या दिशांना, आणि शेजारच्या शीटवर एक दहा वर्षांची मुलगी एकामागून एक दगड बटनावर नेऊन ठेवत होती आणि मधे मधे माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, तेच जास्त लागलं.

आणि आता झाडू. म्हणजे ब्रश, पूर्वी खरंच केरसुणीसारखे असायचे, आता काठीला चपटी कापडी गादी.

दगड सोडताना जो पीळ देतो त्यामुळे तो जाता जाता वळतो, म्हणूनच कर्लिंग. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला तर उजवीकडे वळतो. यात गंमत अशी आहे की जेवणाच्या टेबलावर स्टीलचा ग्लास पालथा घालून तसाच फिरवून सरकवा, तो डावीकडे वळेल. करून बघा, मी बायकोचे दोन ग्लास फोडले (स्टीलचा सापडला नाही म्हणून काचेचा घेतला, असो). दगड उलटा का वागतो यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, कुणी म्हणतं पेबलवर पडणाऱ्या बारीक ओरखड्यांमुळे, कुणी म्हणतं घर्षणामुळे पाण्याचा पातळ थर बनतो त्यामुळे. आपल्याला काय, तो वळतो आणि वेग कमी झाला की जास्तच वळतो, म्हणजे शेवटच्या दहा-पंधरा फुटांत. अगदी कॅरमच्या हळू मारलेल्या स्ट्रायकरसारखा मनात येईल तिकडे जातो असं सुरुवातीला वाटतं.

पण कॅरममध्ये स्ट्रायकर सुटला की विषय संपला. इथे तो सुटल्यावर खरं काम सुरू होतं, आणि हे मला टीव्हीवर कधीच दिसलं नव्हतं. दगड वीसेक सेकंद चालत असतो. दोघं जण त्याच्या पुढे बाजूबाजूनं पळत बर्फ घासतात. घासल्यानं बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. जोरात टाकलेला दगड काही केल्या मागे ओढता येत नाही, पण जरा कमी पडलेला असेल तर घासून घासून दोन-तीन मीटर पुढे नेता येतो. म्हणजे घासणाऱ्यानं पळता पळता अंदाज बांधायचा की याच्यात जीव किती आहे, आणि ओरडून सांगायचं, पलीकडे हाऊसमध्ये उभा असलेला माणूस दगड रेघेवर आहे की नाही ते बघून "हरी! हार्ड!" (म्हणजे घाई करा, जोर लावा) अशी बोंब मारतो, मग सगळं अंगाचं वजन त्या ब्रशवर टाकायचं, नाहीतर "ऑफ!" म्हणाला की ब्रश वर. पहिल्या मॅचनंतर माझे खांदे असे भरून आले होते की दुसऱ्या दिवशी शर्टाची वरची बटणं लावायला बायको लागली. तो फॉरवर्ड मी त्याच दिवशी शोधून डिलीट केला.

आमच्या टीममध्ये चौघं. मी लीड, म्हणजे पहिले दोन दगड माझे आणि मग उरलेल्या सहांना घासायचं. सेकंडला एक फिलिपिनो नर्स आहे, नाइट शिफ्ट करून येते आणि माझ्या दुप्पट जोरात घासते. थर्ड एक युक्रेनियन आडनावाचा शेतकरी, बोलत नाही. आणि स्किप, म्हणजे कॅप्टन, एक ७२ वर्षांची बाई, आयुष्यभर स्कूल बस चालवली, गुडघे गेलेत म्हणून खाली न बसता काठीनं दगड ढकलते, त्याला नियमात परवानगी आहे. उणे ३५ असलं तरी कानटोपी घालत नाही. तिचा "हरी!" ऐकला की पार्किंगमधल्या गाड्या सुरू होतील.

मार्कांचं गणित सांगतो, म्हणजे गुरुवारचं कळेल. प्रत्येक टीमचे आठ दगड, आळीपाळीनं टाकायचे, सोळा झाले की एक एंड संपला. बटनाच्या सर्वांत जवळ ज्यांचा दगड, मार्क फक्त त्यांनाच. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत तुमचे जितके, तितके मार्क. क्लबात आठ एंड, ऑलिंपिकला टीम इव्हेंटमध्ये दहा. शेवटचा, सोळावा दगड ज्याचा त्याच्याकडे हॅमर. सगळी मारामारी त्या हॅमरची, कारण शेवटचा हात आपला असला की समोरच्यानं कितीही रचून ठेवलं तरी एका दगडात उधळता येतं. आणि गंमत म्हणजे ज्याला मार्क मिळाला त्याचा हॅमर पुढच्या एंडला जातो, म्हणून कधी कधी लोक एक मार्क घेण्यापेक्षा मुद्दाम सगळे दगड बाहेर उडवून शून्यावर एंड संपवतात आणि हॅमर राखून ठेवतात. आपल्या दगडापुढे दुसरा दगड उभा करायचा, गार्ड, म्हणजे समोरच्याला सरळ मारताच येणार नाही. पॉकेटच्या तोंडाशी सोंगटी अडकवून ठेवायचा बाबांचा जो कारभार असायचा तो हाच.

या गावात हे सगळं किती मुरलेलं आहे ते सांगायचं तर जेनिफर जोन्सचं नाव घ्यावं लागेल. इथलीच, विनिपेगची. २०१४ ला सोचीत तिच्या टीमनं एकही मॅच न हरता गोल्ड मिळवलं, ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कर्लिंगमध्ये ते आधी कुणी केलं नव्हतं. पण क्लबातले म्हातारे बोलतात ते २००५ च्या नॅशनलच्या फायनलबद्दल. शेवटचा एंड, शेवटचा दगड, दोन मार्कांनी मागे, आणि समोरच्यांचा दगड बटनावर, गार्डाआड लपलेला. तिनं बाजूला पडलेल्या एका दगडावर आपला दगड मारला, तो तिथून तिरका फिरून आत आला, बटनावरचा दगड उडवला आणि स्वतः तिथेच बसला. चार मार्क, मॅच खलास. बाबांना तो व्हिडिओ पाठवला तर तीन दिवस त्यांच्या स्टेटसला होता.

इतिहासात मी फार शिरत नाही. स्कॉटलंडमध्ये एका तळ्यात १५११ साल कोरलेला दगड सापडलाय, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज येऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा हे लोक गोठलेल्या तळ्यांवर दगड सरकवत होते. १८४२ ला व्हिक्टोरिया राणी तिकडे गेली तेव्हा बर्फ नव्हता म्हणून राजवाड्याच्या पॉलिश केलेल्या लाकडी फरशीवर तिला खेळ करून दाखवला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या क्लबाला 'रॉयल' लावायची परवानगी मिळाली. कॅनडात स्कॉटिश लोकांनीच आणला, माँट्रियलचा क्लब १८०७ चा. ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा १९२४ ला होता, मग मधे काही वेळा फक्त प्रदर्शनापुरता खेळला गेला आणि पक्का आला तो थेट १९९८ ला नागानोत.

आता मुद्दा. क्लबातल्या मॅचला अंपायर नसतो. मोठ्या स्पर्धांना असतो, तिथे हँडलमध्ये सेन्सर असतात, रेषेच्या आत सोडला नाही तर लाल दिवा लागतो. पण तिथेसुद्धा बऱ्याचशा गोष्टी खेळाडूंनीच सांगायच्या असतात. सुरुवातीला सगळे एकमेकांशी हात मिळवून "गुड कर्लिंग" म्हणतात, आणि आपण हरणार हे दिसलं की हरणारी टीम स्वतःहून हातमोजा काढून हात पुढे करते, शेवटपर्यंत ताणत बसणं चांगलं समजत नाहीत. २०१५ च्या सुमाराला एक नवीन कापडाचा ब्रश आला होता, त्यानं घासलं की दगड जवळजवळ स्टिअरिंग असल्यासारखा वळवता यायचा, तेव्हा बऱ्याच मोठ्या टीम्सनी आपणहून जाहीर केलं की आम्ही हा वापरणार नाही, नियम नंतर आला.

मी चाळीतला. आमच्या कॅरममध्ये कोपरानं सोंगटी सरकवणं ही कला होती, आणि पकडला गेलास तर "आईशप्पथ नाही" म्हणायचं हा नियम होता. माझ्या एका चुलतभावाचं अंगठ्याचं नख खास वाढवलेलं असायचं. तेव्हा माझी बैठक ही अशी.

तर गुरुवार. आठवा एंड, ५-५, हॅमर आमच्याकडे. समोरच्यांचा एक दगड आठ फुटी वर्तुळात, मागच्या बाजूला, आणि आमचा आत एकही नाही. आमच्या स्किपचा शेवटचा दगड. त्यांच्या दगडाच्या आत नेऊन ठेवायचा की जिंकलो. तिनं काठीनं ढकलला आणि हातातून सुटल्या सुटल्या मला कळलं की कमी आहे. नर्स ओरडली "लाइट!", मागून स्किप ओरडली "हरी!", समोरून तो न बोलणारा शेतकरी चक्क ओरडला, आणि आम्ही दोघांनी पहिल्या रेषेपासून जे घासायला घेतलं ते थांबलोच नाही, पाऊण वाटेत माझ्या तोंडाला लोखंडाची चव यायला लागली, दगड हळू हळू होत चाललेला, पलीकडची हॉग लाइन पार केली, अजून वीस फूट, अजून पंधरा, मी ब्रश दगडाच्या अगदी तोंडाशी नेला कारण तिथेच घासण्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि टिक.

काठीतून हाताला जाणवलं. आवाजही नसेल आला. ब्रशची कड दगडाला लागली होती. दगड तसाच पुढे गेला आणि बटनाच्या काठावर थांबला.

स्किपनं काठी वर केली. नर्सनं मला मिठी मारली. समोरच्या टीमचा स्किप, साठीचा माणूस, हातमोजा काढायला लागला होता. कुणालाच दिसलं नव्हतं. मला एक क्षण, खरं सांगतो, चांगला दोन-तीन सेकंदांचा क्षण, तो चुलतभाऊ आठवला. मग मी हात वर केला आणि म्हणालो, बर्न्ड. दगडाला ब्रश लागला की दगड 'जळाला' म्हणतात.

त्यानं शांतपणे विचारलं, कुठे? म्हटलं, हॉग लाइनच्या पुढे. हॉग लाइनच्या अलीकडे लागला असता तर दगड तिथल्या तिथे बाहेर काढायचा, चर्चाच नाही. पण पुढे लागला तर सगळं थांबू द्यायचं आणि मग समोरचा स्किप ठरवतो: आहे तसं ठेवायचं, की काढायचा, की न लागता जिथे गेला असता तिथे ठेवायचा. मला मनातून वाटलं तो ठेवेल. एवढं सांगितलं मी, सिनेमात ठेवतात. त्यानं दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "थँक यू" म्हणाला आणि पायानं दगड बाहेर सरकवला. ६-५.

आमची स्किप काहीच म्हणाली नाही. माझ्या पाठीवर एक थाप मारली, पण जरा जोरातच, त्यात दोन्ही होतं असं मला अजून वाटतंय.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिलं ड्रिंक पाजायचं ही इथली रीत. आठही जण एका टेबलावर. तो स्किप माझ्याशेजारीच येऊन बसला, बिअर समोर ठेवली, आणि मला वाटलं आता प्रामाणिकपणावर काहीतरी बोलेल. तो म्हणाला, तुझा पुढचा पाय चुकतो. मग मिठाची बाटली दगड, दोन काटेचमचे ब्रश, आणि बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर माझे पाय कुठे पडतात आणि कुठे पडायला हवेत ते पेननं काढून दाखवलं. दमलो की मी कमरेतून वाकतो आणि ब्रश आपोआप मागे येतो, म्हणे. नर्सनं मान डोलावली, तिला हे केव्हापासून माहीत होतं. मग तिनं मला टेबलाच्या कडेनं तीनदा चालायला लावलं, हातात काटा धरून, बारमधले लोक बघतायत.

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कडेला लागला म्हणतोस तर दगड वळला का रे त्यानं?" म्हटलं, नाही, तसाच गेला. "मग तो तसाही पोचला असता," बाबा म्हणाले, "जिथे गेला असता तिथे ठेव म्हणायला पाहिजे होतं त्याला." मी म्हटलं, ते ठरवायचा हक्क त्याचा असतो, आपला नाही. बाबांना काही हे पटलेलं नाही, काल परत फोन करून तोच विषय काढला.

पुढच्या गुरुवारी साडेनऊचा गेम आहे, शीट नंबर चार. तिथला बर्फ भिंतीकडे जरा जास्तच ओढतो.